नव्वद हजारांतल्या तीन फ्रेम: एका पहिल्यावहिल्या ओव्हरक्लॉकचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या समोर घडलं आणि त्यातले काही निर्णय माझ्याच सल्ल्याने झाले. जिच्या मशीनवर ते घडलं तिचं नाव इथे बदललं आहे. तिला ऋचा म्हणू. संगणकाचे भाग स्वतः जोडता येतील एवढी तिची तयारी होती, पण प्रोसेसरचा वेग हाताने वाढवण्याची, म्हणजे ओव्हरक्लॉकची, ही तिची पहिलीच वेळ. मशीन जळलं नाही, धूर निघाला नाही. नुकसान झालं ते इतकं गुपचूप, की तीन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

ऋचाकडे घरच्या जुन्या व्हिडिओ टेपांचा गठ्ठा होता, साठेक टेपा. त्या ती एकेक करून संगणकावर उतरवत होती. कामाचे दोन टप्पे होते. पहिला जतनाचा. कॅप्चर कार्डातून आलेला कच्चा व्हिडिओ तासाला जवळजवळ ७५ जीबी जागा खातो, म्हणून तो एफएफव्ही१ या स्वरूपात बदलायचा. हे कॉम्प्रेशन लॉसलेस आहे, म्हणजे एकही बिट न गमावता फाइल निम्म्याहून लहान होते. दुसरा टप्पा घरच्यांना बघायला द्यायच्या प्रतीचा. त्यात इंटरलेसिंग (एकाआड एक ओळींत विभागलेलं चित्र) काढायचं, टेपेचे कण कमी करायचे आणि एक्स२६५ या एन्कोडरने छोटी फाइल बनवायची. हा टप्पा प्रोसेसरला घाम फोडतो. तासाभराच्या टेपेला चार तास दहा मिनिटं लागत होती.

मशीन असं होतं: इंटेल कोअर आय५-९६००के, ६ कोअर, ६ थ्रेड, झेड३९० चिपसेटचा मदरबोर्ड, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर एअर कूलर, १६ जीबी डीडीआर४ रॅम. या प्रोसेसरचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ. एकाच कोअरवर भार असेल तर तो ४.६ पर्यंत चढतो आणि सगळे सहा कोअर कामाला लागले की ४.३ वर राहतो. नावाच्या शेवटचं ‘के’ महत्त्वाचं. त्याचा अर्थ मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, खुला आहे. इंटेलच्या त्या पिढीत ‘के’ नसलेला प्रोसेसर किंवा झेड मालिकेबाहेरचा बोर्ड असता, तर हे प्रकरण सुरूच झालं नसतं.

अडचण

रात्री दहाला मशीन लावून सकाळी सहाला ते रिकामं मिळावं, एवढीच तिची इच्छा होती. सकाळी त्याच मशीनवर तिचं रोजचं काम असे. आठ तासांत एक टेप सहज व्हायची, दुसरी मात्र वीस मिनिटांनी लटकायची. त्यामुळे एका रात्रीत एकच टेप, आणि साठ टेपांना साठ रात्री.

ही वीस मिनिटं लक्षात ठेवा. आम्ही ती लक्षात ठेवली नाहीत.

तिने आधी सर्वांत सोपा दिसणारा मार्ग धरला. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, स्वयंचलित ओव्हरक्लॉकचं बटण होतं. ते दाबल्यावर बोर्डाने ५.० गिगाहर्ट्झ लावले आणि ते टिकावेत म्हणून व्होल्टेज १.४२ वर नेऊन ठेवलं. प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी-प्रोग्रॅम सुरू करताच अर्ध्या मिनिटात तापमान १०० अंश सेल्सिअसला भिडलं. या प्रोसेसरची तीच कमाल मर्यादा. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवायला वेग खाली खेचतो. म्हणजे लावलेले ५.० प्रत्यक्षात ४.४ च्या आसपास घोटाळत होते आणि पंखे किंचाळत होते. तिने मशीन बंद केलं आणि मला फोन केला. “दादा, वेग वाढवला तर काम हळू झालं. असं कसं?”

स्वयंचलित बटण असं का वागतं? बोर्डाला तुमची चिप ठाऊक नसते. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेल्या दोन चिपांना त्याच वेगासाठी वेगवेगळं व्होल्टेज लागतं. त्या खेपेतली सगळ्यांत रड चिपसुद्धा चालावी अशा बेताने बोर्ड व्होल्टेज ठोकून देतो. नवख्याला हे बटण सुरक्षित वाटतं, पण माझ्या मते हाताने केलेल्या बदलापेक्षा तेच जास्त जोखमीचं आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणं. साठ रात्री म्हणजे दोन महिने, आणि टेपा कुठे पळून जात नव्हत्या. दुसरा, ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरकडे काम देणं. तो वेगवान असतो, पण त्याच आकाराच्या फाइलमध्ये एक्स२६५च्या सावकाश सेटिंगइतका दर्जा देत नाही. शिवाय तिच्या कामातला मोठा वेळ इंटरलेसिंग काढण्यात जात होता आणि ते प्रोसेसरवरच चालत होतं. तिसरा, सेटिंग थोडी हलकी करणं. तिने करून पाहिलं, पण अंधारातल्या दृश्यांवर चौकडे दिसू लागले आणि तिला ते पटलं नाही. चौथा, हाताने, पायरीपायरीने ओव्हरक्लॉक.

चौथा ठरला. त्याला माझा विरोध नव्हता. वॉरंटीचं मी आधीच सांगितलं: चिप खुली विकली जाते, पण ठरलेल्या मर्यादेबाहेर चालवून ती बिघडली तर ती जबाबदारी आपली.

सुरू करण्याआधी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या. व्होल्टेज १.३५ च्या वर जाणार नाही. सर्वांत कठीण चाचणीतही तापमान ८५ अंशांच्या वर जाणार नाही. आणि मशीन सुरूच झालं नाही तर काय करायचं: वीज काढायची, बोर्डावरचे सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) पुसायचे दोन पिन जोडायचे आणि बायोस मूळ पदावर आणायचं. हे पिन कुठे आहेत ते तिने माहितीपुस्तिकेत शोधलं, टॉर्च लावून प्रत्यक्ष पाहिलं आणि वहीत चित्र काढलं. पडदा काळा झाल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पहिली पायरी: आधी मूळ पद नीट कळणं

इथे एक खाचखळगा आहे. बोर्डाचं ‘मूळ’ नेहमी प्रोसेसरचं मूळ नसतं. कित्येक बोर्डांवर मल्टिकोअर एन्हान्समेंट नावाची सोय आपोआप चालू असते आणि ती सगळ्या कोअरना एका कोअरच्या कमाल वेगावर पळवते. ती आम्ही बंद केली. मग एचडब्ल्यूइन्फो६४ लावून मोजणी घेतली: सहाही कोअर ४.३ वर, भाराखाली व्होल्टेज १.१५ च्या आसपास, तापमान ७८.

७८ जास्तच होते. आणखी खटकत होता तो कोअर-कोअरमधला फरक. सर्वांत गार कोअर ६३ वर, सर्वांत गरम ७८ वर. पंधरा अंश. चिपवर भार सारखा असताना एवढा फरक दिसला, तर बहुतेक वेळा कूलर वाकडा बसलेला असतो.

कूलर काढला. चिप आणि कूलरमधल्या थर्मल पेस्टचा ठसा पाहताक्षणी कळलं. धातूच्या झाकणाच्या एका कडेला पेस्ट इतकी पातळ दाबली गेली होती की खालचा धातू चमकत होता, आणि समोरच्या कडेला करड्या लोण्यासारखा जाड थर तसाच. एका बाजूचा स्क्रू शेवटपर्यंत आवळून मग दुसरीकडे वळलं की असं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली आणि या वेळी दोन्ही स्क्रू आळीपाळीने, दोन-दोन फेरे देत आवळले. तापमान ६९ वर आलं, फरक ५ अंशांवर. मल्टिप्लायरला हातही न लावता नऊ अंश मिळाले. हे केल्याशिवाय पुढे गेलो असतो, तर कूलरचा दोष चिपच्या माथी मारला असता.

दुसरी पायरी: वर चढणं

वेगाचं गणित साधं आहे: बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, त्याला मल्टिप्लायरने गुणायचं. ४६ म्हणजे ४.६ गिगाहर्ट्झ. बेस क्लॉकला नवख्याने हात लावू नये, त्याच्यामागे इतरही बरंच काही ओढलं जातं.

व्होल्टेज का वाढवावं लागतं, हे ऋचाला मी असं समजावलं. ४.३ गिगाहर्ट्झला एक ठोका सुमारे २३३ पिकोसेकंदांचा असतो. तेवढ्यात सिग्नलने ट्रान्झिस्टरांची साखळी पार करून पलीकडे पोहोचायला हवं. ४.९ ला तोच ठोका २०४ पिकोसेकंदांचा होतो. सिग्नल उशिरा पोहोचला तर पलीकडचा कप्पा जुनीच किंमत उचलतो. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात आणि वेळ पुन्हा साधते. पण उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत.

४६ लावलं आणि गंमत अशी, की भाराखाली वेग ४.२ वरच अडकला. एचडब्ल्यूइन्फो६४मध्ये पॉवर लिमिट ओलांडल्याची खूण पेटली होती. ९५ वॉटची मर्यादा तशीच राहिली होती. ती १५० वर नेली. हे वेळीच दिसलं म्हणून बरं. नाहीतर प्रत्येक चाचणी ‘उत्तीर्ण’ झाली असती, कारण मशीन त्या वेगाने चाललंच नसतं.

मग लोड-लाइन कॅलिब्रेशन. भार पडला की व्होल्टेज किंचित खाली बसतं. ते किती बसू द्यायचं ते या सेटिंगने ठरतं. काही बोर्डांवर पहिली पातळी सर्वांत कडक असते, काहींवर सर्वांत सैल, म्हणून पुस्तिका उघडून बघावीच लागते. आम्ही मधली घेतली. कडक पातळीत भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं आणि ती उसळी साध्या मोजणीत दिसत नाही.

एव्हीएक्स ऑफसेटचाही विचार झाला. एव्हीएक्स सूचना (एका वेळी बरेच आकडे हाताळणाऱ्या, म्हणून जास्त तापवणाऱ्या) चालू असताना मल्टिप्लायर आपोआप एक-दोन घरं खाली आणायची ही सोय. खेळ खेळणाऱ्याला ती उपयोगी पडते. पण एक्स२६५ स्वतःच एव्हीएक्स२ वापरतो, म्हणजे ऋचाच्या खऱ्या कामात वेग नेमका खाली आला असता आणि मोठा आकडा फक्त पडद्यावर उरला असता. ऑफसेट शून्य ठेवला.

वहीत नोंदी भरत गेल्या. ४.६ ला १.१८ व्होल्ट. ४.७ ला १.२०. ४.८ ला १.२५. ४.९ ला १.३०. ५.० ला १.३५ देऊनही निळा पडदा आला, म्हणजे विंडोज कोसळलं, घड्याळाच्या वॉचडॉगची तक्रार घेऊन. १.३५ ही आमची वहीतली रेघ होती, तिथे थांबलो. आता कुठे थांबायचं, ४.८ की ४.९? ४.९ वर सिनेबेंच आर२३ची तीस मिनिटांची चाचणी पार पडली आणि प्राइम९५ वीस मिनिटं चाललं. तापमान ८७.

इथला निर्णय मला आजही टोचतो. वहीत ८५ लिहिलं होतं. “दोनच अंश जास्त आहेत दादा,” ती म्हणाली आणि मी “चालेल” म्हणालो. त्याच संध्याकाळी तिने विचारलं, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर नेणारी बायोसमधली सोय) चालू करू का? तिची रॅम ३२०० ची होती आणि २६६६ वर चालत होती. मी त्यालाही हो म्हणालो. या प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरची अधिकृत मर्यादा २६६६ आहे, म्हणजे एक्सएमपी हासुद्धा ओव्हरक्लॉकच. एकाच संध्याकाळी दोन बदल झाले आणि दोन्ही अर्धवट तपासलेले.

एक टेप ३ तास ४२ मिनिटांत होऊ लागली. रात्रीत दोन टेपा निघू लागल्या. ऋचा खूश होती.

तीन आठवड्यांनी

मशीन एकदाही बंद पडलं नाही. एका दुपारी ऋचा एफएफव्ही१ची एक फाइल बघत होती आणि तिला काहीतरी चमकून गेल्यासारखं वाटलं. मागे जाऊन फ्रेम-फ्रेम पुढे नेल्यावर ती सापडली. अंगणात उभी माणसं, आणि चित्राच्या उजव्या खालच्या चतुर्थांशात, मधूनच सुरू होऊन कडेपर्यंत पसरलेला हिरवा-जांभळा कचरा. पुढची फ्रेम स्वच्छ. एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा प्रकार.

टेपेचा दोष असता तर आडवी रेघ किंवा ठिपके दिसले असते. हा डाग मात्र बरोबर चौकोनाच्या हद्दीत होता. एफएफव्ही१ प्रत्येक फ्रेमचे तुकडे पाडून ते वेगवेगळे दाबतो. तिच्या सेटिंगमध्ये चार तुकडे होते. एका तुकड्यात हिशेब मधेच चुकला तर तिथून त्या तुकड्याच्या शेवटापर्यंत सगळं बिघडतं आणि बाकीचे तीन शाबूत राहतात. म्हणजे चूक टेपेची नव्हती, दाबणाऱ्या प्रोसेसरची होती. या स्वरूपात प्रत्येक तुकड्याची तपासणी-बेरीज (चेकसम) असते, पण ती दाबून झालेल्या माहितीवर काढली जाते. प्रोसेसरने चुकीचं दाबलं तर बेरीजही त्या चुकीच्या माहितीशी इमानदारीने जुळते. फाइल स्वतःबद्दल ‘मी ठीक आहे’ असंच सांगत राहते.

त्या तीन आठवड्यांत जतनाच्या सहा फाइली बनल्या होत्या. जागा भरत होती म्हणून चार कच्च्या फाइली तिने पुसल्या होत्या. दोन शिल्लक होत्या. त्या दोघींवर एफएफएमपेगचं फ्रेमएमडी५ चालवलं, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा ठसा काढून कच्च्या फाइलशी जुळवला. एक फाइल पूर्ण जुळली. दुसरीत तासाभराच्या ९०,००० फ्रेमपैकी तीन जुळल्या नाहीत.

पुसलेल्या चार फाइलींबद्दल कळायला मार्गच नव्हता. टेप पुन्हा वाचली तरी अ‍ॅनालॉग संकेत दुसऱ्यांदा बिटाबिटाला तसाच कधीच येत नाही, त्यामुळे नव्या वाचनाशी जुना ठसा जुळवता येत नाही. एकच उपाय उरला: त्या चारही टेपा पुन्हा लावायच्या. जुनी टेप प्रत्येक वेळी प्लेयरच्या हेडवरून फिरते तेव्हा थोडी झिजते. ऋचा हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही.

दोष शोधणं

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहिल्या. क्रमांक १९ च्या अकरा नोंदी, सगळ्या मागच्या दहा दिवसांतल्या: प्रोसेसर कोअरमधली अंतर्गत पॅरिटी चूक, दुरुस्त केलेली. प्रोसेसरने पकडलेल्या आणि सावरलेल्या या चुका. ज्या पकडल्या गेल्या नाहीत त्यांची नोंद अर्थातच कुठेही नसते. आधीचे अकरा दिवस कोरे होते. मधल्या काळात उन्हाळा सुरू होऊन खोली २५ वरून ३३ अंशांवर गेली होती, आणि खोली जितकी तापते जवळपास तितकाच प्रोसेसरही तापतो. आठ अंश वाढले, सिग्नल किंचित मंदावला, आणि २०४ पिकोसेकंदांत जे कसंबसं बसत होतं ते बसेनासं झालं.

नोंदी प्रोसेसरकडे बोट दाखवत होत्या, पण एक्सएमपीही त्याच दिवशी चालू झालेलं. दोन्हीवर एकदम संशय घेऊन भागत नाही. आधी प्रोसेसर मूळ वेगावर आणला, एक्सएमपी तसंच ठेवलं आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६च्या चार पूर्ण फेऱ्या केल्या. एकही चूक नाही. मग उलट केलं: एक्सएमपी बंद, प्रोसेसर ४.९ वर, प्राइम९५ लहान एफएफटीवर, म्हणजे रॅमपेक्षा प्रोसेसरवरच ताण देणाऱ्या चाचणीवर. पन्नासाव्या मिनिटाला एका कोअरचं काम थांबलं आणि खिडकीत ओळ उमटली की राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. म्हणजे हिशेब चुकला होता. वीस मिनिटांवर थांबवलेली चाचणी साठ मिनिटं चालू दिली असती, तर खोली गार असतानाही हे पहिल्याच दिवशी दिसण्याची निदान काही शक्यता होती.

प्राइम९५वर लोक ‘अवास्तव कठीण’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हा प्रोग्रॅम मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या, १९९६ साली सुरू झालेल्या मोहिमेचा. तिथे आठवडेच्या आठवडे चालणारा एक हिशेब कुठेतरी एका बिटाने चुकला तरी सगळं पाण्यात जातं. म्हणून त्याची छळ-चाचणी ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत असेच हिशेब करते आणि उत्तर ताडून बघते. सिनेबेंच मशीन कोसळलं का एवढंच सांगतो. ऋचाला गरज होती ती उत्तर बरोबर आलं का हे विचारणाऱ्या चाचणीची.

पुन्हा निर्णय

आता तीन वाटा होत्या. व्होल्टेज १.३३ करायचं: तापमान ९० च्या पुढे गेलं असतं. कूलर बदलायचा: खर्च आणि पुन्हा जोडणी. किंवा खाली उतरायचं.

या वेळी वहीत हिशेब मांडला. मूळ ४.३ आणि १.१५ व्होल्टच्या तुलनेत ४.९ आणि १.३० म्हणजे वेग १४ टक्के जास्त, उष्णतेचा भार जवळपास ४६ टक्के जास्त. ४.७ ला १.२२ धरलं तर वेग ९ टक्के, भार सुमारे २३ टक्के. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी आम्ही भार दुप्पट वाढवत होतो. व्होल्टेजचा धोका फक्त गरम होण्यापुरता नसतो, हेही तिला सांगितलं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले प्रोसेसर मूळ सेटिंगवरच अस्थिर होऊ लागले, आणि कारण निघालं प्रोसेसर स्वतःच मागत असलेलं वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज. इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तापमान काबूत असलं तरी जास्त व्होल्टेज चिपला हळूहळू पोखरतं आणि ती झीज परत भरून येत नाही.

४.७ ठरलं. चाचण्यांत किमान १.२० पुरत होते. त्यावर १.२२ ठेवले, उन्हाळ्यासाठी थोडी जागा म्हणून. आधी फक्त प्रोसेसर: लहान एफएफटी दोन तास, मग मिश्र चाचणी रात्रभर, खोली ३३ अंशांवर असताना. सर्वोच्च तापमान ८०. त्यानंतर एक्सएमपी चालू, पुन्हा मेमटेस्ट८६, पुन्हा रात्रभर प्राइम९५. शेवटी तिचं खरं काम: शिल्लक असलेली कच्ची फाइल पाच वेळा एफएफव्ही१मध्ये बदलली आणि पाचही वेळा प्रत्येक फ्रेमचा ठसा जुळवला. डब्ल्यूएचईएची एकही नोंद नाही. या सगळ्याला चार दिवस गेले.

निष्पत्ती

एक टेप ३ तास ५१ मिनिटांत होते. दोन टेपा ७ तास ४२ मिनिटांत, म्हणजे सकाळी सहाच्या आत.

एक निर्णय ऋचाने स्वतः घेतला आणि तो मला सर्वांत शहाणा वाटतो. बायोसमध्ये सेटिंगचे संच जपून ठेवता येतात. तिने दोन केले. ४.७ चा संच बघायच्या प्रतींसाठी, कारण तिथे एखादी फ्रेम बिघडली तर प्रत पुन्हा बनवता येते. जतनाचं काम मात्र पूर्ण मूळ पदावर, एक्सएमपीसुद्धा बंद. एफएफव्ही१ला तसाही फार वेळ लागत नाही. कच्ची फाइल पुसायची ती फ्रेमएमडी५ जुळल्यावरच, तोवर नाही. चारपैकी तीन टेपा पुन्हा नीट उतरल्या. चौथीत सुरुवातीची काही मिनिटं पहिल्या वाचनापेक्षा जास्त हलतात. तिने दोन्ही वाचनं ठेवली आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, ती वीस मिनिटं. दोन टेपांना ८ तास २० मिनिटं लागत होती आणि हाताशी आठ तास होते. म्हणजे गरज होती चार-साडेचार टक्क्यांची. ४.६ गिगाहर्ट्झ, तेही १.१८ व्होल्टवर, पुरून उरले असते आणि ते आम्हाला पहिल्याच संध्याकाळी मिळाले होते. पण ‘किती हवं आहे’ हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारलाच नाही. ‘कुठवर जातं’ एवढंच पाहत राहिलो. ५.० हा आकडा गोल आहे यापलीकडे त्याचा तिच्या टेपांशी काहीही संबंध नव्हता.

दुसरं, ८५ ची रेघ. ती शांत डोक्याने आखलेली होती. ओलांडायची होती तर आणखी चाचणी करून, कारण लिहून ओलांडायला हवी होती. नुसतं “चालेल” म्हणून नव्हे. आणि ती आखताना खोली २५ अंशांवर होती, हेही वहीत लिहायला हवं होतं. चाचणीच्या वेळचं खोलीचं तापमान न लिहिलेली नोंद उन्हाळ्यात काही कामाची राहत नाही.

तिसरं, एक्सएमपी निदान आठवडाभर थांबू शकलं असतं. एका वेळी एकच बदल केला असता तर दोष शोधण्यातले दोन दिवस वाचले असते.

चौथं, इव्हेंट व्ह्यूअर. पहिला आठवडा रोज सकाळी एकदा तो उघडला असता आणि पुढेही ती सवय ठेवली असती, तर क्रमांक १९ ची पहिलीच नोंद आली त्या दिवशी थांबता आलं असतं. तेव्हा चारपैकी तीन कच्च्या फाइली अजून डिस्कवर होत्या.

हा अनुभव या एका पिढीच्या इंटेलचा आहे. रायझन ५००० पासून पुढच्या एएमडी प्रोसेसरांवर मी नवख्याला सगळे कोअर एका ठरावीक वेगावर बांधायला सांगणार नाही. त्यात एका कोअरचा नैसर्गिक बूस्ट जातो. तिथे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (प्रोसेसरला स्वतःच जास्त चढू देणारी सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (वेगामागचं व्होल्टेज खाली आणणारी सोय) ही वाट जास्त बरी. मात्र तिथेही कर्व्ह फार खाली नेली की चूक बहुधा भाराखाली येत नाही, मशीन निवांत असताना येते. त्यामुळे तिथे नुसती छळ-चाचणी पुरत नाही, कोअरमागून कोअर हलका भार देऊन बघावं लागतं.

ऋचाच्या वहीत आता प्रत्येक टेपेपुढे चार रकाने आहेत: तारीख, कोणता बायोस संच, खोलीचं तापमान, ठसे जुळले की नाही. परवा तिने एकोणपन्नासाव्या टेपेची नोंद पाठवली. मूळ संच, ३१ अंश, ९०,२१४ फ्रेम, सगळ्या जुळल्या. खाली लिहिलं होतं: “दादा, आता कच्ची पुसते.”